पलटणीच्या वाद्यवृंदाच्या मागावर

शनिवार : फ्रँकफुर्टहून मानहाइम

दुसरं महायुद्ध संपून सात वर्षं झाली होती. जर्मनीत तळ ठोकून असलेल्या अमेरिकेच्या सातव्या आर्मीने तेव्हा एक सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. लष्करी बँड नव्हे, बँड काय कुठल्याही फौजेकडे असतोच. हा पुरा वाद्यवृंद होता, व्हायोलिन, व्हिओला, चेलो, ओबो, फ्रेंच हॉर्नसकट. वाजवणारे सगळे गणवेशातले सैनिक, त्यातले बरेचसे सक्तीच्या भरतीत सापडलेले संगीत महाविद्यालयांतले विद्यार्थी. १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षं ही मंडळी युरोपात फिरली. बीथोवन-ब्राम्सच्या देशात त्यांनी बीथोवन-ब्राम्स तर वाजवलेच, पण बरोबरीने बार्बर, गर्श्विन, रॉय हॅरिस, मॉर्टन गुल्ड हे अमेरिकन संगीतकारही वाजवले. अमेरिकन लष्कराच्या देखरेखीखालचा हा एकमेव सिंफनी ऑर्केस्ट्रा, असं म्हटलं जातं.

या ऑर्केस्ट्राच्या वाटेवर एकदा फिरून यायचं माझ्या मनात बरेच दिवस होतं. २०२५ च्या सप्टेंबरात योग आला. भाचा ओंकार श्टुटगार्टला मोटारींच्या क्षेत्रात नोकरी करतो, त्यामुळे राहायची सोय होतीच. फोनवर मात्र त्याने उलटतपासणी घेतली. "मामा, तू ये, पण बघायचं काय आहे ते सांग. म्युझियम? पुतळा? घर?" यातलं काहीच नाही म्हटल्यावर तो जरा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "ठीक आहे. मानहाइमला कार्ल बेंझ आहे. एक दिवस तुझा, एक माझा."

फ्रँकफुर्टहून आम्ही मुद्दाम रीजनल गाडी पकडली. डॉइचलांड-टिकेट (२०२५ मध्ये ५८ युरो) घेतलं की महिनाभर देशातल्या सगळ्या लोकल, रीजनल गाड्या, ट्राम आणि बस चालतात, आयसीईसारख्या लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्या तेवढ्या नाहीत. एक ध्यानात ठेवायचं, हे तिकीट दर महिन्याला आपसूक चालू राहतं. दहा तारखेच्या आत रद्द केलं नाही तर पुढच्या महिन्याचे पैसे गेलेच म्हणून समजा.

गाडी डार्मश्टाटवरून जाते. तिथे १९४६ पासून नव्या संगीताचे उन्हाळी वर्ग भरतात. सुरुवातीला त्यांना अमेरिकन लष्करी प्रशासनाचा हातभार होता. १९५८ मध्ये जॉन केज हा अमेरिकन संगीतकार तिथे आला आणि त्याने युरोपातल्या तरुण संगीतकारांची झोप उडवली. हा केज पुढे हाल्बरश्टाटला भेटणार होता, म्हणून डार्मश्टाटला उतरलो नाही.

मानहाइमच्या जुन्या शहरात रस्त्यांना नावं नाहीत. सगळं शहर चौकटींत आखलेलं, पत्ते बुद्धिबळातल्या घरांसारखे : एफ ३, क्यू ७. एफ २ मध्ये शहराचं मुख्य सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ होतं, ते नोव्हेंबर १९३८ मध्ये नाझींनी उद्ध्वस्त केलं. जवळच एफ ३ मध्ये १९८७ साली नवं उभं राहिलं. जुन्या सिनेगॉगचे कँटर, म्हणजे प्रार्थना गाणारे प्रमुख गायक, होते ह्यूगो आडलर. ते स्वतः संगीतकारही होते. त्यांचा मुलगा सॅम्युअल १९२८ साली याच शहरात जन्मला. १९३९ मध्ये कुटुंब अमेरिकेला निसटलं. मुलगा तिकडे शिकला, हिंडेमिथ आणि कोपलँडसारखे गुरू त्याला मिळाले, आणि मग लष्करात भरती होऊन तो थेट जर्मनीतच येऊन पडला. सातव्या आर्मीचा ऑर्केस्ट्रा उभा केला तो या कॉर्पोरल सॅम्युअल आडलरने.

ज्या देशाने आपल्याला हाकललं, त्याच देशात तेरा वर्षांनी विजेत्यांच्या गणवेशात परतायचं आणि हातात छडी घ्यायची ती ऑर्केस्ट्रा चालवायची. एफ ३ च्या चौकातल्या बाकावर बसून मी ओंकारला हे सांगत होतो. तो म्हणाला, "माझ्या हातात छडी आली असती तर मी वेगळं काहीतरी केलं असतं." मीही बहुधा तेच केलं असतं.

मानहाइमला ऑर्केस्ट्राचं वेड जुनंच. अठराव्या शतकात कार्ल थिओडोर या इथल्या संस्थानिकाच्या दरबारात योहान श्टामित्सने घडवलेला वाद्यवृंद युरोपभर गाजत होता. हळूहळू चढत जाणारा त्यांचा क्रेशेंडो ऐकायला लोक लांबून येत. चार्ल्स बर्नी या इंग्रज प्रवाशाने या वाद्यवृंदाला 'सेनापतींची फौज' म्हटलं होतं, कारण त्यातला एकेक वादक स्वतंत्रपणे मैफल गाजवील असा. दोन शतकांनी त्याच गावच्या पोराने शिपायांची फौज जमवली आणि तिच्याकडून तेच काम करून घेतलं. राजवाड्यात आता विद्यापीठ आहे. अंगणात सायकलींचा खच. सायकलीची पणजीही याच गावची. १८१७ साली कार्ल ड्राइसने तिच्यावरून पहिली रपेट मारली ती इथेच. ओंकारचा बेंझ मात्र वेळेअभावी राहिला, आणि ते मला अजून ऐकवलं जातं.

रविवार : हायडेलबर्ग

मानहाइमहून लोकलने जेमतेम वीस मिनिटं. रविवारी जर्मनीत दुकानं बंद, त्यामुळे सगळं जग किल्ल्यावर लोटलेलं. केबल रेल्वेची रांग बघून आम्ही पायऱ्यांनीच चढलो.

किल्ला फ्रेंचांनी १६८९ आणि १६९३ मध्ये उद्ध्वस्त केला. उरलंसुरलं १७६४ साली वीज पडून गेलं. एका बाजूला नुसती कमानींची भिंत उभी, खिडक्यांतून आभाळ दिसतं. या भग्न वास्तूत सातव्या आर्मीच्या ऑर्केस्ट्राचे कार्यक्रम झाले. मी चौकाच्या मध्यभागी उभं राहून हळूच टाळी वाजवून पाहिली. तीन बाजूंनी दगड, आवाज सुरेख परत येतो. व्हायोलिनला ही जागा मानवेल, तालवाद्यांचा मात्र गलका होईल. ओंकारला तळघरातल्या पिंपात जास्त रस होता. १७५१ सालचं, सव्वादोन लाख लिटरच्या आसपास वाइन मावेल एवढं लाकडी पिंप. त्याच्या डोक्यावर नाचायला फळ्यांचा चौथरासुद्धा आहे.

युरोपातल्या अमेरिकन भूसेनेचं मुख्यालय कित्येक दशकं हायडेलबर्गला होतं. २०१३ मध्ये ते इथून हललं. आज गावात सैनिक दिसत नाहीत, दिसतात ते पर्यटक आणि विद्यार्थी. मराठी माणसाने इथे आणखी एक नाव आठवायला हवं : गुंथर सोनथायमर. खंडोबा, धनगर, त्यांच्या ओव्या यांवर आयुष्य घालवलेला हा माणूस इथल्या दक्षिण आशिया संस्थेत शिकवत असे. ती संस्था १९६२ मध्ये सुरू झाली, म्हणजे इकडे पलटणीचा ऑर्केस्ट्रा मोडला त्याच वर्षी. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण जेजुरीचा भंडारा आणि मॉर्टन गुल्ड एकाच गावाच्या इतिहासात सापडले, म्हणून सांगितलं.

सोमवार : श्टुटगार्ट, फाइहिंगेन

आजचा दिवस मुख्य. श्टुटगार्टच्या मुख्य स्टेशनचं काम इतकी वर्षं चाललंय की प्रवासी तात्पुरत्या पुलांवरून वळसे घेत चालतात आणि कोणी तक्रारही करत नाही. तिथून एस-बानने फाइहिंगेन, मग बस. गर्द झाडी, कुंपण, कॅमेरे, आणि आत पॅच बॅरॅक्स.

ही छावणी १९३०च्या दशकात हिटलरच्या रणगाडा पलटणीसाठी बांधली गेली. युद्धानंतर ती अमेरिकनांनी घेतली आणि सातव्या आर्मीचा युद्धकाळातला सेनापती अलेक्झांडर पॅच याचं नाव तिला दिलं. १९६७ पासून इथे अमेरिकेच्या युरोपीय कमांडचं मुख्यालय आहे. साहजिकच आत जायचा प्रश्न नव्हता. फाटकाजवळ फोटो काढायचा विचार मनात आला तेवढ्यात पहारेकऱ्याने नुसतं बघितलं, आणि ओंकारने माझा मोबाइल खिशात घातला. "मामा, इथे नोकरी करायची आहे मला."

तर या कुंपणाच्या आत, रणगाड्यांसाठी बांधलेल्या इमारतींत, ऑर्केस्ट्राचा मुक्काम असे. बाहेरून बघण्यासारखं काहीच नाही, हे मान्य. पण कुंपणाच्या कडेने चालताना मला राहून राहून त्या पोरांचा विचार येत होता. कोरियाचं युद्ध चालू आहे. तुम्ही ज्युलियर्ड नाहीतर कर्टिसमध्ये ओबो शिकताय. भरतीचं पत्र येतं. पुढची दोन वर्षं हातात रायफल, आणि ओबोवादकाच्या ओठांची सवय मोडायला दोन वर्षं पुष्कळ झाली. अशात कोणी सांगतं, श्टुटगार्टला एक आडलर आहे, तो वाद्यं वाजवणारे शिपाई गोळा करतोय. कोण सोडेल?

यामागचा सरकारी हेतू उघड होता. जर्मन सुशिक्षितांच्या मनात अमेरिका म्हणजे च्युइंगम, कोका-कोला आणि फार तर जॅझ. संस्कृती आपली, पैसा त्यांचा. सोव्हिएत प्रचारही हेच बोट दाखवायचा. त्याला उत्तर म्हणून अमेरिकेने त्या काळात संगीताच्या फौजा धाडल्या. १९५२ मध्येच बॉस्टन सिंफनी पहिल्यांदा युरोपात आली आणि पॅरिसच्या एका मोठ्या महोत्सवात वाजली. त्या महोत्सवामागच्या संस्थेला सीआयएचा पैसा होता हे १९६०च्या दशकात उघडकीला आलं. १९५२ च्याच सप्टेंबरात गर्श्विनचा 'पोर्गी अँड बेस' हा ऑपेरा तरुण लिऑन्टिन प्राइसला घेऊन व्हिएन्ना आणि बर्लिनला गेला. आपल्याकडेही याची लाट पोचली होती. १९५८ मध्ये डेव्ह ब्रुबेकचा जॅझ ताफा मुंबईत वाजवून गेला तो याच खात्यातून.

पण पलटणीचा ऑर्केस्ट्रा या सगळ्यांत वेगळा वाटतो तो वाजवणाऱ्यांमुळे. बॉस्टनचे वादक नामवंत, मानधन घेऊन आलेले. हे मात्र विशी-बाविशीचे शिपाई. त्यांना कोणाला काही पटवायचं नव्हतं. वाद्य हातातून सुटलं नाही यातच त्यांना आनंद होता, आणि सुटका होण्याची तारीख ते मोजत होते. म्हणूनच त्यांचा प्रचार खरा वाटला असणार, असं माझं मत. समोरचा माणूस आपल्याला काही विकतोय हे श्रोत्याला लगेच कळतं. इथे विकणारा कोणी व्यासपीठावर नव्हताच.

आणि व्यासपीठावर कोण होतं ते बघा. आडलरनंतर कंडक्टर बदलत गेले. केनेथ शर्मरहॉर्न त्यातलेच, ज्यांचं नाव आज नॅशव्हिलच्या मोठ्या सभागृहाला आहे. आणि हेन्री लुइस. लॉस एंजलिसचा हा कृष्णवर्णीय मुलगा सोळाव्या वर्षी तिथल्या फिलहार्मोनिकमध्ये डबल बास वाजवू लागला. भरतीत सापडून इकडे आला आणि इथे त्याने ऑर्केस्ट्रा चालवला. अमेरिकेच्या दक्षिणेत तेव्हा बसच्या मागच्या बाकांवर बसायची सक्ती होती, आणि इथे गोऱ्या शिपायांचा वाद्यवृंद त्याच्या हाताकडे बघून सुरू होत होता. परत गेल्यावर लुइस लॉस एंजलिसला साहाय्यक कंडक्टर झाला. त्याचा वरिष्ठ कोण? १९६२ मध्ये तिथे संगीत दिग्दर्शक म्हणून आलेला आपल्या मुंबईचा झुबिन मेहता. पुढे १९६८ मध्ये लुइस न्यू जर्सी सिंफनीचा प्रमुख झाला, आणि अमेरिकेतल्या मोठ्या वाद्यवृंदाचं प्रमुखपद मिळालेला तो पहिला कृष्णवर्णीय कंडक्टर.

दुपारी शहरात येऊन ऑपेरा हाउस बाहेरून पाहिलं. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जेम्स बर्न्स यांनी ६ सप्टेंबर १९४६ ला इथेच भाषण करून जर्मनांना पुन्हा उभं राहायला मदत करण्याचा शब्द दिला. जेवायला चीज घातलेली श्पेत्सले, म्हणजे इकडच्या नूडल्स खाल्ल्या. शाकाहारी माणसाला श्वाबियात, म्हणजे श्टुटगार्टच्या मुलखात, तारून नेणारा हा एकच पदार्थ, पण पोटात दगड होऊन बसतो. श्टुटगार्ट १९६८ पासून मुंबईचं जोडशहर आहे. दोन्हीकडे खणकाम अखंड चालू असतं एवढं साम्य मला लगेच पटलं.

मंगळवार : श्टुटगार्ट, तालमीची संध्याकाळ

दिवस आराम आणि कपडे धुण्यात गेला. खरी गंमत संध्याकाळी. ओंकारच्या ऑफिसातली एक सहकारी व्हिओला वाजवते, एका हौशी ऑर्केस्ट्रात. तिथे ब्राझीलचे, कोरियाचे, युक्रेनचे, तुर्कस्तानचे आणि अर्थात जर्मनीचे लोक आहेत. कोणी डेंटिस्ट, कोणी वेल्डर, बरेचसे इंजिनिअर. कंडक्टर बाई मूळच्या अमेरिकन, आणि त्यांचा हट्ट असा की वर्षातून एक कार्यक्रम पूर्ण अमेरिकन संगीताचा करायचाच. चर्चच्या शेजारच्या सभागृहात तालीम होती. आम्ही मागच्या खुर्च्यांवर बसलो.

सुरुवात चार्ल्स आइव्हजच्या 'द अनआन्सर्ड क्वेश्चन'ने. रचना १९०८ च्या सुमाराची, पण त्या काळच्या मानाने इतकी पुढची की ती पहिल्यांदा मंचावर यायला १९४६ उजाडलं. तंतुवाद्यं पडद्याआड, अतिशय मंद, कशाशीच देणंघेणं नसल्यासारखी. ट्रम्पेट एक प्रश्न विचारतो, सात वेळा तोच. बासऱ्या उत्तर द्यायला जातात, प्रत्येक वेळी जास्त चिडतात, शेवटी खेकसतातच. सातव्या प्रश्नाला उत्तर येत नाही. १९५९ मध्ये बर्नस्टाइनने न्यू यॉर्क फिलहार्मोनिक घेऊन हीच रचना मॉस्कोत वाजवली होती. इथे ट्रम्पेटवाल्याला जिन्यात उभं केलं होतं, आणि प्रत्येक प्रश्नाआधी कोणीतरी त्याला दार उघडून इशारा करत होतं. एकदा दार करकरलं तेव्हा सगळे हसले, कंडक्टर बाईंसकट.

मग बार्बरचा 'अडाजिओ'. हा सगळ्यांना ठाऊक असलेला, टोस्कानिनीने १९३८ मध्ये रेडिओवरून जगाला ऐकवलेला. जवळून ऐकताना मला एक कारागिरी दिसली, ती सभागृहात लांबून कधी कळत नाही. सूर इतके लांब की एका गजात मावत नाहीत. गज उलटा फिरवावा लागतोच, पण तो कानाला कळता कामा नये. म्हणून एका स्टँडवर बसलेल्या दोघांनी एकाच वेळी गज फिरवायचा नाही. पुढच्या रांगेतली डेंटिस्ट आणि तिच्या शेजारचा वेल्डर डोळ्याच्या कोपऱ्यातून एकमेकांकडे बघत हे करत होते. तिने फिरवला की तो थांबायचा, मग अर्ध्या श्वासाने तो. सुरात कुठे शिवण दिसली नाही. कागदावर पेन्सिलीने बारीक खुणा, काही खोडून पुन्हा केलेल्या.

कोपलँडच्या 'अ‍ॅपलाचियन स्प्रिंग'ला मात्र दमछाक झाली. १९४४ साली वॉशिंग्टनला नृत्यासाठी लिहिलेली ही रचना, पुढच्या वर्षी तिला पुलित्झर मिळालं. ऐकायला सोपी, वाजवायला नाही. मात्रा सतत बदलतात, पाच होतात, दोन होतात, तीन होतात. तीन वेळा गाडी रुळावरून घसरल्यावर बाईंनी वाद्यं खाली ठेवायला लावली आणि नुसत्या टाळ्या वाजवा म्हणाल्या. पाहुण्यांनीसुद्धा. पुण्यात असताना ओंकार ढोल-ताशा पथकात ताशा वाजवायचा. तो पहिल्याच फेरीत अचूक. बाई थांबल्या. "तुम्ही तालवादक आहात?" "वर्षातले दहा दिवस," तो म्हणाला. मग गणपती म्हणजे काय हे समजावण्यात मध्यंतर संपलं.

चहाच्या वेळी बाई म्हणाल्या, इथल्या श्रोत्यांना कोपलँड म्हणजे काऊबॉयच्या सिनेमातलं संगीत वाटतं. मग आम्ही बार्बर आधी वाजवतो, ते जरा रडतात, आणि नंतर कोपलँड ऐकून घेतात. मी रॉय हॅरिसबद्दल विचारलं. त्यांनी खांदे उडवले. वादकांना शिकवायला वेळ लागतो आणि तिकिटं विकली जात नाहीत.

बुधवार : श्टुटगार्ट ते बर्लिन

सहा तासांचा आयसीई प्रवास, रीतीप्रमाणे उशिरा. ओंकारला सुट्टी नव्हती, तो शुक्रवारी रात्री येणार. वाटेत मी आतापर्यंतच्या शहरांतून गोळा केलेली मैफलींच्या नव्या हंगामाची पत्रकं चाळली. गर्श्विन होता, बर्नस्टाइन होता, बार्बर होता. हॅरिस नव्हता, त्याच्याच पिढीतला हॉवर्ड हॅन्सन नव्हता. पासाऊला जायचं राहिलं याची चुटपुट लागली. तिथला महोत्सव अमेरिकनांच्या पुढाकारानेच १९५२ मध्ये सुरू झाला, पोलादी पडद्यापासून हाकेच्या अंतरावर.

गुरुवार : बर्लिन

श्टेग्लिट्स भागात श्लॉसश्ट्रासेवर टिटानिया-पालास्ट. १९२८ चं चित्रपटगृह, बॉम्बवर्षावातून वाचलेलं, म्हणून बर्लिन फिलहार्मोनिकने युद्धानंतरचा पहिला कार्यक्रम २६ मे १९४५ ला इथे केला. कंडक्टर होते लिओ बोर्खार्ड. ऑगस्टमध्ये एका तपासणी नाक्यावर अमेरिकन पहारेकऱ्याच्या गोळीने ते गेले. गाडी वेळेवर थांबली नाही, एवढंच कारण.

त्यानंतर पंधरवड्याच्या आत, सप्टेंबर १९४५ मध्ये, त्याच फिलहार्मोनिकसमोर रूडॉल्फ डनबार उभा राहिला. ब्रिटिश गयानात जन्मलेला, न्यू यॉर्कला शिकलेला, लंडनला स्थायिक झालेला कृष्णवर्णीय क्लॅरिनेटवादक, युद्धवार्ताहर म्हणून सैन्याबरोबर आलेला. कार्यक्रमात त्याने विल्यम ग्रँट स्टिलची 'आफ्रो-अमेरिकन सिंफनी' ठेवली. स्टिल कृष्णवर्णीय, रचनेत ब्लूजची धून, वाद्यांत चक्क बँजो. वंशशुद्धीच्या बाता मारणारं राज्य कोसळून जेमतेम चार महिने झाले होते. ज्या वादकांनी ती वर्षं राजमान्य संगीत वाजवण्यात काढली, त्यांच्यासमोर आता हे कागद. एकेकाच्या चेहऱ्यावर काय होतं ते बघायला मी काहीही दिलं असतं.

आता तिथे खाली दुकानं आणि आत मल्टिप्लेक्स. मी पॉपकॉर्नच्या रांगेशेजारी उभा राहून छताकडे बघत होतो. एक सुरक्षारक्षक काय हवंय म्हणून विचारायला आला. डनबारचं नाव त्याने ऐकलं नव्हतं, पण मोबाइलवर लगेच शोधलं आणि वाचत बसला.

प्राणिसंग्रहालय स्टेशनजवळच्या १९५७ सालच्या अमेरिका हाउसमध्ये, म्हणजे जुन्या अमेरिकन सांस्कृतिक केंद्रात, आता छायाचित्रांची गॅलरी आहे. कॉफी चांगली मिळते. शुक्रवारी पाऊस पडला, मी झोपलो.

शनिवार : हाल्बरश्टाट

बर्लिनहून माग्डेबुर्ग, तिथून गाडी बदलून हाल्बरश्टाट. डॉइचलांड-टिकेट पुरतं. सकाळी लवकर निघालं तर दिवसात जाऊन येता येतं.

८ एप्रिल १९४५ ला, युद्ध संपायला महिना असताना, अमेरिकन विमानांनी हे गाव भाजून काढलं. काही दिवसांत अमेरिकन सैन्य आलं, उन्हाळ्यात गाव सोव्हिएत हद्दीत गेलं आणि पूर्व जर्मनीत राहिलं. म्हणजे सातव्या आर्मीचा ऑर्केस्ट्रा इथे येणं शक्यच नव्हतं. आणि तरी युरोपातला सर्वांत चिवट अमेरिकन संगीताचा कार्यक्रम चालू आहे तो इथेच.

सेंट बुर्कार्डी हे मध्ययुगीन मठाचं चर्च. मधल्या काळात इथे कोठार होतं, पूर्व जर्मनीच्या काळात डुकरंही बांधली गेली. खिडक्या साध्या, भिंतींना गिलावा नाही, जमीन उंचसखल. आत शिरण्याआधीच आवाज कानावर येतो. जॉन केजच्या ऑर्गनसाठीच्या रचनेवर सूचना आहे, शक्य तितकं संथ वाजवा. शक्य म्हणजे किती, यावर इथल्या लोकांनी उत्तर काढलं : ६३९ वर्षं. १३६१ साली हाल्बरश्टाटच्या कॅथीड्रलमध्ये एक ख्यातनाम ऑर्गन बसला. तिथपासून २००० पर्यंत जितकी वर्षं झाली, तितकीच पुढे. ५ सप्टेंबर २००१ ला, केजच्या जन्मदिनी, वादन सुरू झालं. रचनेची सुरुवात विरामाने आहे, त्यामुळे पहिले सतरा महिने फक्त भात्याचा श्वास. पहिला स्वर उमटला ५ फेब्रुवारी २००३ ला. शेवट २६४० मध्ये.

ऑर्गन म्हणजे मोठं काही नाही. लाकडी सांगाडा, त्यात मोजक्या नळ्या, पट्ट्यांना लटकवलेल्या वाळूच्या छोट्या पिशव्या. समोरच्या बाजूला भाता. वाजवणारा कोणी नाही. स्वर बदलायचा असतो त्या दिवशी नळी घालतात किंवा काढतात आणि त्या सोहळ्याला जगभरातून माणसं येतात. आम्ही गेलो त्याआधीचा बदल ५ फेब्रुवारी २०२४ चा, त्यानंतरचा ५ ऑगस्ट २०२६ चा. अशा दिवसासाठी जाणार असाल तर मुक्काम माग्डेबुर्गला शोधा, गावात खोली मिळायची नाही.

ओंकार म्हणाला, "तंबोराच की हा." मला तसं वाटलं नाही. तंबोऱ्यात बोट फिरतं, तार छेडली जाते, विरते, पुन्हा छेडली जाते. तिथे माणूस आहे. इथे स्वराला ना सुरुवात ना शेवट, आणि तुम्ही हललात तर तोच बदलतो. एका खांबाजवळ खर्ज जड, दोन पावलं पुढे वरचा स्वर टोचू लागतो. डोकं वळवलं तरी फरक. आम्ही अर्धा तास नुसते चालत होतो. केजला हे आवडलं असतं. १९४६ मध्ये गीता साराभाईंकडून त्याने आपलं भारतीय संगीत समजून घेतलं होतं, आणि चित्त निवांत करणं हे संगीताचं काम, हा त्यांचा विचार तो आयुष्यभर सांगत राहिला.

भिंतीवर धातूच्या पट्ट्या आहेत, देणगी देणाऱ्यांनी आपापलं वर्ष निवडून नाव कोरलेल्या. ओंकार पुढची शतकं वाचत गेला आणि मला ओढ लागली ती मागची. ज्या संगीतावर सरकारने पैसा ओतला, शिपाई लावले, बसगाड्या पळवल्या, त्यातलं बरंचसं पत्रकांवरूनही गेलं. केजसाठी कोणत्या सैन्याने काही केलं नाही. एका जळून गेलेल्या, पैशाने बेताच्या गावातल्या चार वेड्यांनी त्याला सहा शतकं देऊन टाकली. हॅरिसवर हा अन्यायच, असंही त्याच वेळी वाटलं. त्याला कोणी ऐकून नाकारलेला नाही, ऐकायचंच सोडून दिलंय.

परतीच्या गाडीत ओंकारला खिडकीशी डुलकी लागली. मी कानात इअरफोन घालून हॅरिसची तिसरी सिंफनी लावली. १९३९ ची, एकाच सलग भागाची, अठरा मिनिटांच्या आसपास. सुरुवातीला एकटे चेलो, एक लांबच लांब ओळ, शेताच्या बांधावरून चालल्यासारखी. माग्डेबुर्ग येईपर्यंत दोनदा ऐकून झाली. दुसऱ्यांदा मध्येच ओंकारने डोळे उघडून एक इअरफोन ओढून घेतला आणि पितळी वाद्यांचा भाग सुरू झाल्यावर गुडघ्यावर बोटं आपटू लागला.

"हे त्या बाईंना वाजवायला सांग," तो म्हणाला. "ताशाला कोणी कमी पडलं तर मी आहे."